गिनी पिगच्या नाकातून अचानक रक्त आलं तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात लहान मूल असलं की घोळणा फुटण्याचा अनुभव असतोच. एप्रिल-मे उजाडला, ऊन तापलं, की मुलाच्या नाकातून रक्त येतं, आजी डोक्यावर पाणी थापते, कुणीतरी कांदा फोडून आणतं आणि दहा मिनिटांत मूल परत खेळायला पळतं. त्यामुळे गिनी पिगच्या नाकाला रक्त दिसलं की आपले हात आपोआप तेच करायला लागतात. घोटाळा होतो तो तिथेच.

मी डॉक्टर नाही. नाशिकमध्ये गेली अकरा वर्षं गिनी पिग पाळते आहे. माझा नंबर या ओळखीतून त्या ओळखीत फिरत गेल्यामुळे रात्री-अपरात्री फोन येतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे लिहून ठेवले आहेत. रक्त आत्ता येत असेल तर फक्त पहिलं उत्तर वाचा आणि निघा. बाकीचं रिक्षात वाचा.

आत्ता रक्त येतंय. आधी काय करू?

त्याला छातीशी धरून घरभर येरझाऱ्या घालू नका. धडपडला की रक्त वाढतं. एखादा खोका किंवा त्याचा नेहमीचा कॅरियर घ्या, तळाशी फिकट रंगाचा जुना टॉवेल घाला आणि त्याला चारी पायांवर उभा राहू शकेल असं आत ठेवा. टॉवेल फिकट अशासाठी, की किती रक्त पडतंय ते दिसलं पाहिजे. खोलीतला दिवा मंद करा, टीव्ही बंद करा, मुलांना आणि कुत्र्याला बाहेर काढा. पंखा थेट अंगावर नको.

मान त्याची तो ठेवेल तशी राहू द्या. रक्त बाहेर ओघळलेलं परवडलं, आत गेलेलं नाही.

ओलसर गॉज किंवा मऊ सुती कापडाने नाकाबाहेरचं रक्त हलकेच टिपा. पुसायचं नाही, टिपायचं. कापूस वापरू नका, त्याचे तंतू ओल्या नाकपुडीला चिकटतात आणि श्वासाबरोबर आत ओढले जातात. गार पाण्यात पिळलेला रुमाल नाकाच्या वरच्या भागावर क्षणभर टेकवता आला तर टेकवा. तो झटापट करायला लागला तर सोडून द्या. बर्फ नको.

मग हातभर लांब बसून त्याच्या कुशीकडे बघा. पंधरा सेकंदांत कूस किती वेळा वरखाली होते ते मोजा आणि चारने गुणा. शांत बसलेल्या गिनी पिगचे मिनिटाला साधारण 40 ते 100 श्वास होतात. आकडा याच्या बराच वर असेल, प्रत्येक श्वासाला अख्खं अंग हलत असेल, किंवा तो तोंड उघडून श्वास घेत असेल, तर फोनाफोनी वाटेत करा. त्या क्षणी निघायचं.

घोळणाच फुटलाय ना? थांबेल की आपोआप.

रक्त थांबेलही. पण माणसाच्या मुलाचा उन्हाळी घोळणा आणि हे प्रकरण यांचा काही संबंध नाही. मुलाच्या नाकात अगदी पुढे बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, कोरड्या हवेने किंवा बोट घातल्याने ते फुटतं, आणि बहुतेक वेळा त्यामागे दुसरं काहीच नसतं. गिनी पिगच्या नाकातून असं विनाकारण रक्त येत नाही. मार लागलेला असतो, आत काहीतरी अडकलेलं असतं, किंवा शरीरात आधीपासून काहीतरी बिघडलेलं असतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. आपलं नाक चोंदलं तर आपण तोंडाने श्वास घेतो. गिनी पिग नाकानेच श्वास घेणारा प्राणी आहे. त्याच्या तोंडातून घशाकडे जाणारी वाट इतकी अरुंद असते की तोंडाने श्वास घेणं त्याला जमत नाही म्हटलं तरी चालेल. नाकात रक्ताची गुठळी बसली तर आपल्याला ती नुसती अडचण, त्याचा गळाच आवळल्यासारखा होतो. म्हणून रक्त थांबलं तरी त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी, डॉक्टरांना दाखवायचं.

नाकात दूर्वांचा रस घालू का? साजूक तूप? कांदा हुंगवला तर?

नाही, नाही आणि नाही.

हे मी कुणाला हसून लिहीत नाही, कारण मी स्वतः केलेलं आहे. आमच्या जिलबीच्या नाकातून पहिल्यांदा रक्त आलं ती दिवाळीनंतरची रात्र होती. पिंजऱ्यात अंथरलेल्या पांढऱ्या फ्लीसवर (लोकरीसारखं मऊ कापड) रुपयाएवढे तीन डाग आणि जिलबी कोपऱ्यात पुढच्या पायांनी नाक घासत बसलेली. मी तिला उताणी धरली, मान मागे केली आणि ओला रुमाल कपाळावर ठेवला. आजी आमच्यावर करायची तसंच. दोन सेकंदांत तिच्या घशातून खुर्र खुर्र असा आवाज यायला लागला आणि तिने पाय झाडले. मी घाबरून तिला सरळ केलं तेव्हा नाकातून एक मोठा थेंब माझ्या मनगटावर पडला. आणखी थोडा वेळ तशीच धरली असती तर रक्त तिच्या फुप्फुसात गेलं असतं.

दूर्वांचा रस, तूप, तेल, मिठाचं पाणी, नाक मोकळं करायचे माणसांचे थेंब, यातलं काहीही नाकपुडीत गेलं की ती बुजते. शिवाय माणसांच्या थेंबांतलं औषध रक्तवाहिन्या आवळतं. किलोभरही वजन नसलेल्या जिवाच्या हृदयावर त्याचा काय परिणाम होईल, हा प्रयोग आपण करायचा नाही. कांद्याची वाफ आपल्याच डोळ्यांत पाणी आणते, त्याच्या सुजलेल्या नाकाचं काय होईल ते सांगायला नको. दूर्वा त्याला खायला द्या, आवडतात.

किती रक्त गेलं म्हणजे जास्त?

गिनी पिगच्या अंगात दर किलो वजनामागे साधारण 70 ते 75 मिलिलिटर रक्त असतं. म्हणजे 900 ग्रॅमच्या प्राण्यात सगळं मिळून 65 मिलिलिटरच्या आसपास. टपरीवरच्या कटिंगच्या ग्लासात मावेल एवढंच. त्यातलं एक चहाचा चमचा, म्हणजे 5 मिलिलिटर, गेलं तर निरोगी प्राणी सहसा तग धरतो. अडीच-तीन चमचे गेलं तर जिवावर बेततं.

पण कापडावरचा डाग बघून अंदाज हमखास चुकतो. फ्लीसवर रक्त पसरतं आणि एक मिलिलिटरचाही रक्तपात दिसतो. सोपी युक्ती अशी: सिरिंजमध्ये एक मिलिलिटर पाणी घ्या, त्यात थेंबभर चहा किंवा हळद कालवा, आणि त्याच कापडाच्या कोरड्या टोकावर सोडा. जो डाग पडेल तो एक मिलिलिटरचा. आता रक्ताचे डाग मोजा. डॉक्टरांना फोनवर “खूप रक्त आलं” म्हणण्यापेक्षा “तीन मिलिलिटरच्या आसपास आलं” म्हटलं तर त्यांना काहीतरी कळतं.

डागांपेक्षाही जनावराकडे बघा. कान आणि पंजे गार लागणं, ओठ वर केल्यावर हिरड्या गुलाबीऐवजी पांढुरक्या दिसणं, उचलल्यावर अंग सैल सोडणं, या तिन्हींपैकी एक जरी दिसलं तरी वाट बघू नका.

रक्त नाकातलंच आहे हे कसं ओळखायचं?

चांगला प्रश्न, आणि फार कमी लोक विचारतात. गिनी पिग दिवसातून कितीतरी वेळा पुढच्या पायांनी तोंड धुतो. डोळ्यांतून दुधासारखा पांढरा थेंब येतो (तो आजार नाही, नैसर्गिक आहे), तो पंजांवर घेऊन तोंडभर फिरवतो. त्यामुळे अंगावर कुठेही रक्त असलं तरी ते अखेर नाकावर येतं. एका बाईंनी पाठवलेल्या फोटोत नाक लालभडक होतं. पायांचा फोटो मागवला तर उजव्या पुढच्या पंजाचं एक नख मुळापासून उखडलेलं. फ्लीसच्या धाग्यात अडकलं होतं.

म्हणून आधी नखं बघा, चौदाही. पुढच्या पायांना चार-चार, मागच्यांना तीन-तीन. मग ओठांच्या कडा बघा, तिथे भेगा किंवा खपली आहे का. पुढचे दात बघा, एखादा तुटलाय का. मग आठवा, आज बीट खाल्लं होतं का. हसू नका, बीट खाल्लेल्या पांढऱ्या गिनी पिगने माझी स्वतःची एकदा झोप उडवली आहे.

नाकातूनच येत असेल तर नाकपुडीच्या कडेला ओलं रक्त किंवा काळपट खपली दिसते आणि पुढच्या पायांच्या आतल्या बाजूची लव चिकट, तांबूस होते. फेसाळ, गुलाबी द्रव येत असेल तर ते नाकाचं दुखणं नाही. ते फुप्फुसातून येतंय आणि तातडीचं आहे.

रक्त एका नाकपुडीतून येतंय की दोन्हींतून, हे बघून लिहून ठेवा. डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतील. एकाच बाजूने असेल तर बहुधा त्या बाजूला काहीतरी अडकलंय, लागलंय किंवा दाताच्या मुळाशी गळू आहे. दोन्ही बाजूंनी असेल तर संसर्ग किंवा रक्त गोठण्यातला बिघाड, असा विचार होतो. नियम पक्का नाही, पण दिशा मिळते.

कशामुळे आलं असेल?

मार हे सगळ्यांत साधं कारण. मुलाच्या हातातून पडणं, पिंजऱ्याच्या रॅम्पवरून घसरणं, दोन नरांची मारामारी, फटाक्याच्या आवाजाने बिथरून भिंतीवर आदळणं. दिवाळीत मला येणारे फोन बहुतेक या शेवटच्या कारणाचे असतात. मार लागला असेल तर नाकाचं रक्त थांबल्यावरही जबडा, दात आणि पोट तपासून घ्यावं लागतं. तुटलेला दात आणि आतला रक्तस्राव बाहेरून दिसत नाहीत.

दुसरं कारण आपल्याकडचं खास आहे: कुसळ. जिलबीच्या डाव्या नाकपुडीत डॉक्टरांना तेच सापडलं. आयातीचं टिमोथी गवत महाग पडतं म्हणून मी घरामागच्या मोकळ्या प्लॉटमधून गवत कापून आणत होते. पावसाळ्यात ते मऊ, लुसलुशीत होतं. दिवाळीपर्यंत त्यातलं कुसळी गवत पिकलं, टोकदार झालं आणि मला त्याचा पत्ता नाही. कुसळाला उलटे केस असतात, ते एकदा आत शिरलं की पुढेच सरकतं, मागे येत नाही. डॉक्टरांनी भूल देऊन, बारीक चिमट्याने काढलेला तो दीड सेंटिमीटरचा तुकडा मी अजून डबीत ठेवला आहे. अशा वेळी एकाच बाजूने रक्त, लागोपाठ शिंका आणि नाक घासणं असं एकदम सुरू होतं. गवत आता मी पेपरवर पसरून, चाळवून मगच घालते. सप्टेंबर संपला की बाहेरचं गवत बंद.

संसर्ग. बोर्डेटेला ब्रॉन्किसेप्टिका आणि स्ट्रेप्टोकॉकस न्यूमोनिए हे दोन जिवाणू गिनी पिगच्या श्वसनमार्गाला फार त्रास देतात. आधी शिंका, मग घट्ट शेंबूड, डोळ्यांना चिपडं, खाणं कमी, आणि कधीकधी रक्तमिश्रित स्राव. नुसत्या रक्तापेक्षा पू आणि रक्त एकत्र दिसतं.

दात. गिनी पिगचे वीसच्या वीस दात जन्मभर वाढत राहतात आणि वरच्या दातांची मुळं नाकाच्या पोकळीला अगदी लागून असतात. मुळाशी गळू झालं की त्याचा उपद्रव नाकात दिसतो. लाळ गळणं, तोंडातून घास पडणं, वजन उतरणं हे सहसा आधी सुरू झालेलं असतं, आपलं लक्ष नसतं.

वयस्कर प्राण्यात, म्हणजे पाच वर्षांच्या पुढे, नाकातली गाठ किंवा हृदयाचं दुखणंही असू शकतं. आणि रात्री पिंजऱ्याच्या गजांतून घरातला उंदीर नाकाला चावून गेल्याचं मी एकदा पाहिलं आहे. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

उरली दोन कारणं, उंदराचं औषध आणि व्हिटॅमिन सी. त्यांना वेगळी जागा हवी.

सोसायटीने उंदराचं औषध टाकलं होतं. त्याचा संबंध असेल?

असेल, आणि नसला तरी डॉक्टरांना हे आपणहून सांगा. पावसाळ्यात उंदीर घरात शिरतात आणि कोपऱ्याकोपऱ्यात त्या निळ्या-हिरव्या वड्या पडतात. त्यांतल्या बऱ्याचशा ब्रोमॅडिओलोनच्या असतात. हे औषध रक्त गोठवणाऱ्या घटकांची निर्मिती थांबवतं. त्या घटकांना तयार व्हायला व्हिटॅमिन के लागतं आणि औषध नेमकं तेच अडवतं. अंगात आधीपासून असलेले घटक संपेपर्यंत जनावर ठणठणीत दिसतं. म्हणून वडी कुरतडल्यावर दोन ते पाच दिवसांनी रक्त सुरू होतं आणि तोवर वडी कुणाच्या लक्षातही नसते.

पिंजरा बंद असतो म्हणून निर्धास्त राहू नका. उंदीर वडी ओढून गवताच्या पोत्यात नेऊन ठेवतो आणि आपण त्याच पोत्यातून मूठभर गवत घालतो.

दोन्ही नाकपुड्यांतून रक्त, लघवीत रक्त, पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली निळे-जांभळे डाग असं दिसलं तर औषधाचं पाकीट किंवा त्याचा फोटो घेऊन निघा. उपाय आहे: व्हिटॅमिन के-1, तेही तीन-चार आठवडे. रक्त थांबलं म्हणून आठवड्यात बंद केलं तर पुन्हा सुरू होतं, कारण हे विष शरीरात बराच काळ राहतं. मेडिकलमध्ये के-3 मिळेल, ते इथे उपयोगाचं नाही. आणि मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा प्रयत्न करू नका. गिनी पिगला उलटी होतच नाही.

व्हिटॅमिन सी कमी पडलं की नाकातून रक्त येतं का?

येऊ शकतं. माणूस आणि गिनी पिग, दोघांनाही स्वतःच्या शरीरात व्हिटॅमिन सी तयार करता येत नाही. उंदराला येतं, सशाला येतं, कुत्र्याला येतं. या योगायोगावर विज्ञानाचा एक मोठा शोध उभा आहे. 1907 साली नॉर्वेत, आजच्या ओस्लोत, अ‍ॅक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिक हे दोघे खलाशांना होणाऱ्या बेरीबेरीचा अभ्यास करत होते. त्यांनी गिनी पिगना नुसतं धान्य आणि पाव खाऊ घातला आणि प्राण्यांना बेरीबेरीऐवजी स्कर्व्ही, म्हणजे व्हिटॅमिन सी कमी पडल्याने होणारा आजार, झाला. प्रयोगाला उंदीर घेतले असते तर काहीच दिसलं नसतं.

आपल्या घरात तो प्रयोग नकळत रोज चालतो. दुकानदार सशाचं खाद्य “हेच चालतं” म्हणून देतो. सशाच्या खाद्यात व्हिटॅमिन सी घातलेलं नसतं, कारण सशाला ते लागत नाही. आपण वर काकडी आणि गाजर घालतो. काकडीच्या 100 ग्रॅममध्ये ते जेमतेम 3 मिलिग्रॅम असतं. दोन-तीन आठवड्यांत रक्तवाहिन्या ठिसूळ व्हायला लागतात, हिरड्यांतून रक्त येतं, गुडघे सुजतात, उचललं की प्राणी किंचाळतो, मागचे पाय ओढत चालतो. नाकाचं रक्त यात एकटं येत नाही, यांच्या सोबतीने येतं.

निरोगी गिनी पिगला दर किलो वजनाला रोज 10 ते 30 मिलिग्रॅम लागतं. आजारी किंवा गाभण असेल तर जास्त, ते डॉक्टर सांगतील. हिरव्या ढोबळी मिरचीच्या 100 ग्रॅममध्ये साधारण 80 मिलिग्रॅम असतं, म्हणजे मध्यम मिरचीचा चतकोर भाग रोज दिला की बराचसा प्रश्न सुटतो. पेरूत त्याच्या दुपटीहून जास्त असतं, पण साखरही असते, म्हणून एक पातळ फोड, तीही रोज नको. कोथिंबीर द्या. आवळ्याची पातळ चकती काही जण आवडीने खातात. आमची दुसरी गिनी पिग, खारी, तोंड वाकडं करून लांब जाते.

पाण्यात घालायचे व्हिटॅमिनचे थेंब मी वापरत नाही. उजेडात आणि पाण्यात ते काही तासांत निकामी व्हायला लागतं आणि चव बदलली म्हणून प्राणी पाणीच कमी पितो. हे नुकसान मोठं.

घरात मुलाचं अँटिबायोटिक सिरप आहे. डॉक्टर उद्या भेटणार. थोडं देऊ?

हा प्रश्न वाचूनही माझ्या पोटात गोळा येतो. देऊ नका. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिन ही औषधं गिनी पिगच्या पोटातले चांगले जिवाणू मारतात. मग क्लॉस्ट्रिडियम हा घातक जिवाणू माजतो, त्याचं विष रक्तात उतरतं आणि काही दिवसांत प्राणी जातो. नाकाचं रक्त बरं होतं आणि जीव जातो, अशी गत.

कुत्र्या-मांजरांचे उत्तम डॉक्टरही कधीकधी सवयीने अमॉक्सिसिलिन (हे पेनिसिलिनच्याच गटातलं) लिहून देतात. माझ्या बाबतीत झालं आहे. मी भीतभीतच म्हटलं, “सर, गिनी पिगला पेनिसिलिन तोंडाने चालतं का?” त्यांनी पेन खाली ठेवलं, कपाटातून पुस्तक काढलं, दोन मिनिटं वाचलं आणि कागद फाडून दुसरा लिहिला. म्हणून विचारायला लाजू नका. गिनी पिगसाठी सहसा एन्रोफ्लॉक्सासिन, ट्रायमेथोप्रिम-सल्फा किंवा डॉक्सिसायक्लिन वापरतात. डोस वजनावर ठरतो आणि तो डॉक्टरांनीच ठरवायचा.

पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन हेही नको. त्यातलं अ‍ॅस्पिरिन तर रक्त आणखी पातळ करतं.

आमच्या गावात गिनी पिगचे डॉक्टर नाहीत. कुठे जायचं?

रक्त यायच्या आधी शोधून ठेवायचे. ज्या दिवशी गिनी पिग घरी आणाल त्या आठवड्यातच. पुण्या-मुंबईत ससे, पक्षी, कासवं बघणारे डॉक्टर आहेत, स्वतःला “एक्झॉटिक पेट्स”चे डॉक्टर म्हणवतात. बाकी ठिकाणी फोन करून सरळ विचारा: “तुम्ही ससे किंवा गिनी पिग बघता का? त्यांना भूल देता का?” दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरून बरंच कळतं.

पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे दवाखाने हा चांगला पर्याय आहे. मुंबईत परळचं महाविद्यालय 1886 पासून आहे, नागपूरला आहे, साताऱ्याजवळ शिरवळला आहे, परभणीला, उदगीरला आणि अकोल्यालाही. तिथे एक्स-रे आणि रक्ततपासणीची सोय जवळ असते.

आणि जवळ कुणीच नसेल तर गायी-म्हशी बघणाऱ्या डॉक्टरांना कमी लेखू नका. त्यांना गिनी पिगचं औषध माहीत नसेल, पण रक्तस्राव, धक्का, श्वास यांतलं पक्कं कळतं. एक्झॉटिकवाल्या डॉक्टरांना फोन लावून दोघांचं बोलणं करून द्या. मी असं दोनदा केलं आहे आणि दोन्ही वेळा जमलं.

बरोबर काय न्यायचं?

त्याचा सोबती, असेल तर. एकटा गिनी पिग प्रवासात फार घाबरतो (मारामारी झाली असेल तर अर्थातच नाही). मूठभर गवत, ढोबळी मिरचीचा तुकडा, खाद्याचं पाकीट, चालू असलेलं औषध, रक्त लागलेल्या कापडाचा तुकडा आणि आजचं वजन. स्कूटरवर कॅरियर पायात ठेवून नेऊ नका, रिक्षा करा आणि खोका मांडीवर धरा. उन्हाळ्यात गार पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून एका बाजूला ठेवा, दुसरी बाजू मोकळी. गार नको वाटलं तर त्याला सरकता आलं पाहिजे.

उपाशी नेऊ नका. माणसाच्या ऑपरेशनसारखं रात्रीपासून उपाशी ठेवायचं गिनी पिगला लागू नाही.

रक्त थांबलं, घरी आणलं. आता?

आता नाकापेक्षा पोटाकडे लक्ष. गिनी पिगचं आतडं सतत चालू राहावं लागतं. बारा तास काही खाल्लं नाही तर ते मंदावतं, चोवीस तास गेले तर नाकातून वाचलेला प्राणी पोटातून जातो. दुखत असलं, नाक बंद असलं, वास येत नसला की तो खाणं सोडतो. म्हणून दर दोन-तीन तासांनी बघा: गवत हललंय का, लेंड्या पडल्यात का, केवढ्या आहेत. बारीक, सुक्या, एकमेकींना चिकटलेल्या लेंड्या म्हणजे पोट मंदावलं.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज सकाळी एकाच वेळी वजन घ्या. मी कॅलेंडरवरच लिहिते, दुधाच्या हिशेबाशेजारी. दोन दिवसांत 50 ग्रॅम उतरलं तर फोन करायचा.

खात नसेल तर भिजवलेलं खाद्य सिरिंजने भरवावं लागतं. पण नाकातून रक्त चालू असताना किंवा धाप लागलेली असताना भरवू नका, घास श्वासनलिकेत जाईल. किती आणि केव्हापासून ते डॉक्टरांना विचारूनच घ्या.

पिंजऱ्यात लाकडाचा भुसा असेल तर काढून टाका, फ्लीस किंवा जुने सुती कपडे घाला. भुशाची धूळ सुजलेल्या नाकात जाते. त्या खोलीत उदबत्ती, धूप, डासांची कॉइल बंद.

दुसऱ्या गिनी पिगला वेगळं ठेवू?

शिंका, पू, ताप असं काही असेल तर हो, आणि दोघांनाही दाखवा. मार किंवा कुसळ असेल तर नको, सोबती जवळ असला की तो लवकर खायला लागतो. ससा आणि गिनी पिग एकत्र ठेवत असाल तर मात्र कायमचं वेगळं करा. सशाच्या नाकात बोर्डेटेला काही त्रास न देता राहतो आणि गिनी पिगला तोच आडवा करतो.

मुलांना काही होईल का त्याच्या रक्ताने?

साबणाने हात धुवा, तोंडाजवळ धरू नका, एवढं पुरतं. रक्त बघून मूल घाबरलं असेल तर त्याला टॉवेल आणायला, वेळ लिहून ठेवायला सांगा. काम मिळालं की रडणं थांबतं. हातातून त्याच्याकडूनच पडला असेल तर तेव्हा रागावू नका. पुढच्या वेळेपासून जमिनीवर बसूनच मांडीवर घ्यायचा, एवढा नियम करा.

उन्हाळ्यात नाकातून रक्त येतं ते उष्णतेनेच ना?

नुसत्या उष्णतेने घोळणा फुटतो तसं नाही, पण उष्माघाताने येऊ शकतं आणि तेव्हा ते शेवटचं लक्षण असतं. गिनी पिगला 18 ते 24 अंश सोसतं. 27 च्या पुढे त्रास सुरू होतो. विदर्भात, खानदेशात मे महिन्यात काय असतं ते तुम्हाला माहीत आहे. पसरून पडणं, लाळ, जोरजोरात श्वास दिसले की पाय आणि कान साध्या पाण्याने ओले करा आणि निघा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका.

वाचतो का?

कुसळ, नख, छोटा मार: बहुतेक वाचतात. जिलबी त्यानंतर चार वर्षं जगली. संसर्ग लवकर पकडला तर वाचतात, उशीर झाला तर कठीण. उंदराचं औषध वेळेत कळलं तर वाचतात. गाठ असेल तर डॉक्टर सरळ सांगतील, तेव्हा त्यांचं ऐका.

फ्लीसवरचे रक्ताचे डाग निघत नाहीत.

गरम पाण्यात टाकलं असणार. रक्ताला गार पाणी लागतं. गार पाण्यात मीठ घालून अर्धा तास भिजवा, मग नेहमीच्या साबणाने चोळा. एक तुकडा मात्र डॉक्टरांना दाखवेपर्यंत न धुता ठेवा.